शनिवारची छायाचित्रण भेट : गेटवे आणि अफगाण चर्च

नमस्कार मंडळी,

येत्या शनिवारी पहाटे पावणेसहाला गेटवेपाशी जमायचं आहे. बंदरावरचा सूर्योदय टिपून झाला की कुलाब्याच्या अफगाण चर्चला जाऊ.

१८५८ मध्ये खुलं झालेलं हे चर्च पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलं. इथल्या पूर्वेच्या रंगीत काचा विल्यम वेल्स या इंग्रज काचकाराच्या. सकाळचं ऊन त्यांतून आत येतं तेव्हाच त्या खऱ्या उजळतात, म्हणून उशीर नको.

फ्लॅश अजिबात वापरू नका. काचेचा रंग मागून येणाऱ्या उजेडात दिसतो. समोरून उजेड टाकला की तो रंग मरतो आणि हाती नुसती चमक लागते. स्पॉट मीटरिंग (म्हणजे चौकटीतल्या एका छोट्या जागेचाच उजेड मोजणं) काचेच्या उजळ भागावर ठेवा. भिंती काळ्या पडल्या तरी चालतील. एखादं चित्र जवळूनही घ्या, तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या मला स्वतःला फार सुंदर वाटतात.

आत ट्रायपॉड परवानगी विचारूनच लावा. कुणी प्रार्थनेला बसलं असेल तर कॅमेरा खाली. येणाऱ्यांनी गुरुवार रात्रीपर्यंत गटावर नाव कळवावं.