आई-बाबा, आता तुमचाही पासपोर्ट काढू या

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

ओवीचा पासपोर्ट आला. स्पीड पोस्टानं आला, पोस्टमनकाकांनी आधी माझं ओळखपत्र बघितलं, सही घेतली आणि मगच पाकीट हातात दिलं. हे फोनवर सांगितलंच आहे. पण फोनवर बाबा "बरं झालं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, आई जेवलीस का विचारते, आणि मला जे बोलायचं असतं ते राहूनच जातं. म्हणून आज लिहायला बसले.

मला तुम्हा दोघांचा पासपोर्ट काढायचा आहे. दादा तिकडे दुबईत, त्याचं घर तुम्ही मोबाइलवरच पाहिलंय. बाळाच्या बारशालाही तुम्ही मोबाइलसमोर पाटावर बसला होतात. विषय काढला की बाबांचं एकच उत्तर, "आता या वयात आम्हाला कशाला, आणि ती कटकट कोण करणार?" वयाचं तुम्ही तुमच्या जागी बरोबर असाल. पण कटकटीचं मी आत्ता स्वतः सगळं करून बघितलंय, तेव्हा ते तरी नीट ऐकून घ्या.

बाबा, तुमच्या डोक्यात अजून दादाच्या वेळचे दिवस आहेत. एजंट, ठाण्याच्या पासपोर्ट ऑफिसच्या चकरा, रजा टाकून काढलेले दिवस. आता तसं राहिलेलं नाही. फॉर्म मी ओवी झोपल्यावर मोबाइलवर भरला. थोडा भरायचा, सेव्ह करायचा, दुसऱ्या रात्री पुढचा. साइट मात्र सरकारचीच हवी, शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असलेली; तिच्यासारख्या दिसणाऱ्या आणि जास्तीचे पैसे घेणाऱ्या बऱ्याच आहेत. फी ऑनलाइन भरली. मुलांच्या पासपोर्टला १००० रुपये, आणि आठ वर्षांखालच्या मुलांना १० टक्के सूट, म्हणजे ओवीचे ९०० झाले. मग अपॉइंटमेंटची तारीख आपली आपण निवडायची. मी निवडली त्याच दिवशी कंपनीत ऑडिट आलं. पूर्वी असं झालं असतं तर सगळं मुसळ केरात. आता तारीख पुढे ढकलता येते, वर्षभरात तीनदा तशी सोय आहे. अंबडला पहिल्या पाळीत उभं राहणाऱ्या बाईला ही किती मोठी गोष्ट आहे, ते बाबा, तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुम्हीही पाळ्याच केल्यात.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका अक्षरात. ओवीच्या जन्मदाखल्यावर माझ्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं, माझ्या पासपोर्टवर वेगळं. हॉस्पिटलनं नोंद पाठवली तेव्हाच एक 'ए' जास्त पडला होता. मग महापालिकेच्या विभागीय कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज, हॉस्पिटलचं पत्र, माझ्या ओळखपत्राच्या प्रती, आणि मग दुरुस्त दाखला. डब्याच्या सुट्टीत फोन करायचा, संध्याकाळी सुटल्यावर कागद गोळा करायचे, असं चाललं. तेव्हा फार जीव खालीवर झाला, पण त्यातून एक पक्कं कळलं. ज्याचे सगळे कागद एकाच नावाचे आणि एकाच जन्मतारखेचे, त्याला पुढे कुठेच अडत नाही. गावात कुणी विचारलं तर हे आवर्जून सांगा. आणि हेही सांगा की १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्या मुलांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. तेव्हा घरात नवं बाळ आलं की त्याच्या दाखल्यावरचं नाव, आईबापाचं नाव, स्पेलिंग, सगळं तिथल्या तिथे वाचून घ्यायचं.

आई-बाप दोघांची संमतीही लागते. त्याला 'अनेक्शर डी' म्हणतात. हे पुण्याहून रविवारी आले तेव्हा आम्ही दोघांनी सही केली. साध्या कागदावर. स्टॅम्पपेपर नाही, नोटरी नाही. २०१६ च्या डिसेंबरात ते सगळं काढून टाकलंय, तरी अजून लोकांना कुणीतरी स्टॅम्पपेपर घ्यायला लावतंच. मला याचा राग येतो. ज्या बाईची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते, तिच्याकडूनच हे पैसे जातात.

प्रत्यक्ष सेवा केंद्रात मी आणि ओवी दोघीच गेलो. टोकन मिळालं, तीन काउंटर असतात, ए, बी आणि सी. पहिल्यावर कागद स्कॅन करतात आणि फोटो काढतात. खुर्चीवर ओवीची मान कॅमेऱ्यापर्यंत पोचेना, तर तिथल्या मुलीनं स्वतः उठून तिला नीट उभं केलं, कानावरचे केस मागे सारले आणि म्हणाली, "हसू नको हं बाळा, तोंड मिटून." ओवीनं ओठ इतके घट्ट मिटले की फोटोत गाल फुगलेत. शेवटच्या काउंटरवर साहेबांनी विचारलं, "नाव काय तुझं?" तिनं नाव, वडिलांचं नाव, आडनाव सगळं एका दमात सांगितलं आणि वर, "माझ्या आजोबांनी पासपोर्ट बनवलेत," असंही. साहेबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते." ते म्हणाले, "मग हे पुस्तक घरचंच."

बाबा, पाकीट फोडल्यावर मी आधी पुस्तकाची शिलाई बघितली. तुम्ही बायंडिंगला होतात म्हणून. आम्ही लहान असताना तुम्ही प्रेसमधलं काही म्हणजे काही घरी बोलायचा नाहीत. गेटवर झडती देऊन आत जायचं, झडती देऊन बाहेर यायचं, आणि जेलरोडच्या खोलीत शिरलं की हातपाय धुऊन गप्प. आईनं विचारलं तरी "काम झालं" एवढंच. शाळेत सरांनी सांगितलं होतं की ब्रिटिशांनी १९२५ मध्ये ही प्रेस नाशिकला आणली, पोस्टाची तिकिटं इथे छापतात, तेव्हा मी अख्ख्या वर्गाला सांगितलं होतं, माझे बाबा तिथे आहेत. आता पुस्तकात चिपसुद्धा येते, कव्हरवर खाली छोटंसं सोनेरी चिन्ह असतं. अशी पुस्तकंही नाशिकलाच तयार होतात. इतक्या लोकांना देशाबाहेर नेणारी ही पुस्तकं तुमच्या हाताखालून गेली, आणि आपल्या घरात तुमच्या नावाचं एकही नाही. मला हे बरं वाटत नाही. तुम्हाला दुबईला जायचं नसलं तर जाऊ नका. पण पासपोर्ट कपाटात असू द्या. उद्या दादाकडे अचानक जावं लागलं तर तुम्ही इथं तडफडत बसू नये, एवढंच मला वाटतं.

आता तुमच्या कागदांचं. तुम्हा दोघांची जन्मतारीख १ जून आहे, गुरुजींनी लावलेली. त्याची काळजी करू नका. आपल्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस त्याच दिवशी असतो. सगळीकडे तीच तारीख आहे ना, मग झालं. बाबा, तुमचा शाळा सोडल्याचा दाखला, पॅन आणि आधार मी गेल्या वेळी शेजारी ठेवून बघितले. नाव, तारीख जुळतंय.

आई, तुझं थोडं वेगळं आहे. दाखल्यावर माहेरचं नाव, लग्नात सासरी बदललेलं नाव आधारवर. म्हणून तुझा दाखला पुढे करायचा नाही. तुझं पॅन कार्ड आहे, त्यावर सासरचं नाव आणि जन्मतारीख दोन्ही आहेत, आणि जन्मतारखेसाठी पॅन चालतं. फॉर्ममध्ये आधीच्या नावाचा प्रश्न असतो, तिथं माहेरचं नाव लिहू, लपवायचं काही नाही. आणि तू मागे म्हणालीस ना, "माझं शिक्षण सातवी, मला कोण देणार पासपोर्ट?" शिक्षणाचा प्रश्न येतो तो काही देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांना. कमी शिकलेल्यांच्या पासपोर्टवर, नोकरीला जाण्याआधी सरकारची परवानगी घ्यावी, असा शिक्का असतो. पन्नाशी ओलांडलेल्यांना तो शिक्काही लागत नाही. तुला कुणी पाटी-पेन्सिल घेऊन बसवणार नाही. सही करता येते तुला, तेवढी पुरे, आणि तुझी सही माझ्यापेक्षा सुबक आहे.

साठीच्या पुढच्यांनाही १० टक्के सूट आहे, म्हणजे १५०० चे १३५०. ते मी भरते, त्यावर वाद नको. ओवीसाठी पोलीस आले नाहीत, कारण आमचे दोघांचे पासपोर्ट आधीच आहेत. तुमचे पहिलेच, म्हणून पोलीस ठाण्यातून फोन येईल किंवा कुणी घरी येईल. घाबरायचं नाही, शेजारीपाजारी विचारपूस करायची नाही. आधार दाखवायचं, चहा द्यायचा.

गणपतीला तुम्ही येणारच आहात. गौरी गेल्या की दोन दिवस जास्त राहा. द्राक्षाची गोडी छाटणी त्यानंतर सुरू होते, तोवर बागेचं काम रेटायचं नसतं, हे बाबा, तुम्हीच मला शिकवलंय. मी अपॉइंटमेंट त्याच दिवसांतली, सकाळची घेते. फॉर्म आपण घरी ओट्याजवळ बसून भरू, ओवी टाइप करायला बसणारच आहे, तिला आता सगळं येतं असं तिला वाटतं. येताना बाबांचा दाखला, दोघांचं पॅन, आधार आणि बँकेचं पासबुक आणा. प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणा, बसमध्ये पाऊस लागतो. आणि दाखल्याची घडी फाटत आली असली तरी तो लॅमिनेट करू नका, तसाच आणा. आधी रविवारी त्याचा फोटो काढून शेजारच्या मुलाकडून मला व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे मी रात्री नावं ताडून बघते.

आईच्या गुडघ्याचं तेल संपलं असेल, ते मी आणून ठेवलंय.

तुमची,
मनू
इंदिरानगर, नाशिक