यंत्रबाजारातली पगारवाढ तासावर मोजून पाहा

संपादक महोदय,

पंप, मोटारी, कंप्रेसर, लेथ यांच्या घाऊक दुकानांतली पगारवाढ नेहमी टक्क्यांत सांगितली जाते. कामाचे तास किती वाढले, हे कोणी विचारत नाही. म्हणून हा हिशेब मांडत आहोत.

एका स्टोअरकीपरला मूळ पगार आणि विशेष भत्ता मिळून 18,200 रुपये मिळतात असे धरू. 26 दिवसांनी भागले की दिवसाचे 700 आणि 8 तासांनी भागले की तासाचे 87.50 रुपये. पण दुकान सकाळी 10 ते रात्री साडेआठ, मध्ये अर्धा तास जेवण. म्हणजे काम 10 तास, महिन्याला 208 ऐवजी 260 तास. ओव्हरटाइम दिला नाही तर खरा दर 70 रुपयांवर येतो. पुढच्या वर्षी 10 टक्के वाढ देऊन पगार 20,020 केला आणि दुकान बंद व्हायला साडेनऊ वाजू लागले, तर महिन्याचे तास 286 होतात. भागून पाहा, दर पुन्हा 70 रुपयेच. मधल्या काळात महागाई वाढली ती वेगळीच.

उशीर होण्याची कारणे या धंद्यातच आहेत. शहरात अवजड वाहनांना दिवसा बंदी असली की ट्रक संध्याकाळनंतर लागतो. माल चढेपर्यंत चलन, ई-वे बिल (माल वाहतुकीसाठी लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) आणि मोटारींच्या सिरियल नंबरची तपासणी करणारा माणूस गोडाऊनमध्ये थांबतोच. मार्चअखेरीस कंपनीचे टार्गेट आणि स्टॉक मोजणी एकाच आठवड्यात येतात. हमाल माथाडी मंडळाचे असतील तर त्यांची मजुरी टनावर किंवा नगावर ठरते, त्यामुळे जास्तीचे काम निदान हिशेबात येते. मासिक पगारावरच्या माणसाचे येत नाही.

ओव्हरटाइम देणारी दुकानेही भागाकारात चुकतात. महिना 30 दिवसांनी आणि दिवस 9 तासांनी भागला की 87.50 चा दर 67.41 होतो. कायद्याप्रमाणे दुप्पट करूनही 175 ऐवजी 134.81 रुपये, म्हणजे तासाला 40 रुपयांची तूट. वर दिलेल्या साडेआठपर्यंतच्या वेळापत्रकात महिन्याला 52 तास ओव्हरटाइम होतो. त्याचे दुप्पट दराने 9,100 रुपये झाले, अर्ध्या पगाराइतके. तीन महिन्यांचे 156 तास होतात. 2017 च्या राज्याच्या दुकाने कायद्यातली मर्यादा 125 तासांची होती. सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने 144 ला मान्यता दिली, तरी हे तास त्याहूनही जास्तच. त्याच निर्णयात कायदा लागू होण्यासाठीची किमान कामगारसंख्या 10 वरून 20 वर नेली गेली. मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटसारख्या बाजारात 12-15 माणसांची दुकाने किती असतील याचा विचार व्हायला हवा होता. तरीही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या केंद्राच्या वेतन संहितेत ओव्हरटाइमचा दुप्पट दर आहे. लहान दुकानाला तो लागू नाही, हा समज चुकीचा आहे.

मालकांची बाजूही आकड्यांतच पाहावी. 18,200 वर भविष्य निर्वाह निधीचे 1,800 (15,000 च्या मर्यादेवर 12 टक्के), कर्मचारी राज्य विम्याचे (ईएसआय) 3.25 टक्क्यांनी 591.50 आणि ग्रॅच्युइटीचे महिन्याला सरासरी 875 धरले की खर्च 21,466.50 होतो. 208 तासांवर तो तासाला 103 रुपयांच्या थोडा वर जातो. अमेरिकेचा श्रम सांख्यिकी विभाग यंत्रसामग्रीच्या घाऊक व्यापारातला ताशी मोबदला असाच मोजतो, मालकाने भरलेला वाटाही त्यात धरून. आपल्याकडच्या चर्चेत मात्र कामगार हातात आलेली रक्कम सांगतो, मालक सगळा खर्च सांगतो, आणि दोघांचे आकडे जुळत नाहीत.

काउंटरवरच्या सेल्समनचा हिशेब आणखी अवघड आहे. त्याचे कमिशन बिल फाडल्यावर नाही, वसुली झाल्यावर मिळते. उधारी 90 दिवसांची असेल तर मार्चच्या जास्तीच्या तासांचे पैसे जूनमध्ये येतात आणि जूनचा दर उगाच फुगलेला दिसतो. अशा पगाराची तुलना वर्षभराची बेरीज वर्षभराच्या तासांनी भागूनच करावी.

त्यासाठी मस्टरवर ‘हजर’ची खूण पुरत नाही. येण्याची आणि जाण्याची वेळ लिहावी, आणि पगारपत्रकावर एकूण तास व ओव्हरटाइमचे तास अशा दोन ओळी छापाव्यात. आपल्या अर्थविषयक पानावर पगारवाढीची बातमी येते तेव्हा तासांचा हा आकडाही मागून घ्यावा, ही विनंती.

घाऊक यंत्रबाजारातील पगारपत्रके करणारे काही हिशेबनीस