चिनूचा अर्धा टक्का

रामबाग, इंदूर

प्रिय दत्ता,
स. न.

पत्र नाही म्हणून शिव्या घालत असशील. घाल. तब्येत ठीक, साखर वर-खाली. पण परवा जेवताना जे झालं ते तुझ्याशिवाय सांगू कुणाला?

चिनू हल्ली विजयनगरच्या एका ऑफिसात घरपोच माल नेणाऱ्या पोरांचं रेटिंग ठरवणारं सॉफ्टवेअर लिहितो. रेटिंग घसरलं की आयडी आपोआप बंद. मी विचारलं, "अशी किती पोरं?" "अर्धा टक्कासुद्धा नाही, बाबा." "आणि ज्याचा बंद झाला त्याला किती टक्के?" ताट सारून उठला.

आठवली ना सिसी, डिकन्सच्या 'हार्ड टाइम्स' कादंबरीतली शाळकरी पोर? तिचे मास्तर सांगतात, दहा लाखांच्या गावात वर्षात फक्त पंचवीस माणसं रस्त्यावर उपाशी मेली. ही म्हणते, मेले त्यांना ते तितकंच जड गेलं असणार, बाकीचे दहा लाख असोत की कितीही. 1854 साली ते उत्तर चूक ठरलं, आणि माझ्याच घरात परवा पुन्हा ठरलं. शाबासकी तिच्या वर्गातल्या बिट्झरला, घोड्याचे चाळीस दात घडाघडा म्हणणाऱ्याला. पण बिट्झरनं आईला गरिबांसाठीच्या वर्कहाउसात टाकून वर्षाला अर्धा पौंड चहा दिला. आमचा आईच्या गोळ्या एक दिवस चुकवत नाही. वाईट असता तर सोपं होतं रे!

त्याला इथल्या बंद पडलेल्या हुकुमचंद कापड मिलचं सांगितलं. 2023 च्या डिसेंबरात 224 कोटी निघाले, 4,800 कामगारांचे थकलेले, तीस वर्षांनी. तर यानं लगेच भागाकार केला: माणशी चार लाख सहासष्ट हजार. बरोबरच होता! वाट बघत गेले ते कुठल्या रकान्यात, हे विचारायचं राहिलं.

तू म्हणणार, युनियन हवी. आणि पुन्हा त्याच कादंबरीतल्या युनियनच्या पुढाऱ्यावरून, स्लॅकब्रिजवरून भांडणार, की डिकन्स प्रेस्टनचा गिरणी संप बघून आला तरी पुढारी असा बाजारू रंगवला. होस्टेलच्या गच्चीवरून पुस्तकच भिरकावलं होतंस. स्लॅकब्रिज नकली आहे, मान्य. पण युनियनमध्ये न गेलेल्या स्टीफनला वाळीत टाकणारे कामगारच होते, ते कधी बोलत नाहीस. या पोरांना तर वाळीत टाकायलाही कुणी भेटत नाही. त्यातला गिरणीमालक बाउंडरबी निदान समोर बसून ओरडायचा, कामगारांना सोन्याच्या चमच्यानं कासवाचं सूप हवंय म्हणून. इथे कुणाशी भांडायचं? चिनूशी? कुणाचा आयडी गेला ते त्यालाही ठाऊक नसतं.

तो तुझं ऐकतो. फोन कर, पण भाषण ठोकू नकोस.

वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? नातीच्या बारशाला जमलं नाही, रागावू नका. लौंगवाली सेव पाठवतोय, डॉक्टरांना सांगू नकोस.

तुझा,
बंडू