गुरुवारच्या भजनाला जाच, बाबा

डब्लिन

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आता आपलं वाजवणं संपलं," आणि फोन आईकडे दिलात. तेव्हा मला काही बोलायला सुचलं नाही, म्हणून लिहितेय.

शनिवारी मैत्रिणीबरोबर इथल्या मेरियन रो रस्त्यावरच्या ओडोनह्यूज नावाच्या जुन्या पबमध्ये गेले होते. कोपऱ्यात पाच-सहा जण गोल करून वाजवत बसले होते. स्टेज नाही, माईक नाही. देवळात आपली मंडळी बसते तसेच. एका आजोबांकडे बौरॉन होतं. बकऱ्याचं कातडं ताणलेला मोठा डफच म्हणा. उजव्या हातात छोटी काठी, आणि डावा हात मागून आत घालून कातड्याला टेकवलेला. दाबला की आवाज चढतो, सैल सोडला की खाली उतरतो. मी सगळा वेळ त्या डाव्या हाताकडेच बघत होते. पखवाजाच्या डाव्या बाजूच्या, धुमाच्या पुडीवर तळवा घासून तुम्ही जो घुमारा काढायचात, तो कानात घुमत होता.

तिथल्या भिंतीवर 'द डब्लिनर्स'चे फोटो आहेत. 1962 मध्ये हा बँड याच पबमधल्या बैठकींतून उभा राहिला. रॉनी ड्रूचा आवाज खडीवरून गाडी जावी तसा. लाल कुरळ्या केसांचा ल्यूक केली गायला लागला की अंगावर काटाच येतो. तो अवघ्या 43 व्या वर्षी गेला. बार्नी मॅकेनाने बँजो फिडलच्या, म्हणजे व्हायोलिनच्या सुरांत, पण एक सप्तक खाली लावला, आणि आता आयर्लंडभर बँजो तसाच लावतात. फिडलवाला जॉन शीहन 1964 मध्ये आला आणि 2012 पर्यंत, बँडची पन्नास वर्षं पुरी होईपर्यंत टिकला. बाबा, यांची उडती गाणी ऐकाल तर गजर चढत जातो तेव्हासारखे पाय आपोआप हलतील. मी घरी आल्यावरही किती वेळ तोच ठेका धरून होते.

पण मला सांगायचंय ते कीरॉन बर्कबद्दल. तो गायचा, गिटार वाजवायचा आणि पत्र्याची छोटी शिट्टी वाजवायचा. सहा भोकांची असते, दोन्ही हातांची बोटं लागतात. 1974 मध्ये इंग्लंडमध्ये कार्यक्रम चालू असतानाच त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि डावी बाजू लुळी पडली. शिट्टी सुटली. पुढे 1987 मध्ये बँडला पंचवीस वर्षं झाली म्हणून टीव्हीवर मोठा कार्यक्रम झाला, त्याला कीरॉन आला. वाजवता येत नव्हतं, तर त्याने ब्रेंडन बीहन या लेखकाच्या आठवणीतलं शोकगीत म्हणून दाखवलं. पुढच्याच वर्षी तो गेला. हे वाचून मी रात्री उशिरापर्यंत जागी होते, बाबा.

तुमचाही डावा हात चालेनासा झालाय, पण आवाज शाबूत आहे. अभंग तर तुम्हाला बुवांपेक्षा जास्त पाठ आहेत. त्यांना चरण आठवला नाही की पखवाजावरूनच तुम्ही सुचवायचात. मग गुरुवारी घरात पडून कशाला राहायचं? पखवाज दुसऱ्या कुणाला वाजवू दे. तुम्ही शेजारी बसा, त्याचा हात चुकला तर सांगा, आणि एखादी गौळण म्हणा. तीन महिन्यांत मंडळातलं कोणी विचारपूस करायला आलं नाही याचं तुम्हाला वाईट वाटतंय, हे आईने मला सांगितलंय. मलाही वाटलं. पण पेटीवाल्या काकांना मी फोन केला, तर ते म्हणाले, "त्याच्यासमोर यायला धीर होत नाही गं." गुरुवारी ते रिक्षा घेऊन येतील.

आई, व्यायामाला तू बाबांच्या डाव्या हातात कणकेचा गोळा देतेस ना? गुरुवारी पोळ्यांसाठी मळशील तेव्हा आणखी एक गोळा सैलसर मळून डब्यात घालून दे. धुमाला लावायला लागेल. आणि तो पुडीवर बाबांनाच लावू दे, उजव्या हाताने का होईना.

तुमची,
लेक

ता. क. फोन चालू ठेवा. मी इथून ऐकणार आहे.