बोटीवर जायचंच असेल तर

वेंगुर्ला

चि. सुमेध यास,
अनेक आशीर्वाद.

हॉटेलातली पोरं सुट्टीच्या रात्री मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर जातात आणि तूही जाऊन आलास, हे तू आपणहून सांगितलंस ते बरं केलंस. आईला अजून बोललेलो नाही. ती थेट देवळात गाऱ्हाणं घालायला निघेल.

पैसे गेले त्याचं मला फारसं वाटलं नाही. पण "बाबा, रुलेटला १७ वर लावले आणि फिरत्या चाकातली गोळी शेजारच्या ३४ च्या घरात थांबली" हे सांगताना तुझा आवाज हरलेल्या माणसाचा नव्हता. अरे, शेजारचं घर काय आणि समोरचं काय, हरणं तेवढंच. मेंदूला मात्र ते पटत नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २००९ साली मेंदूचे स्कॅन काढून दाखवलं की थोडक्यात हुकलं तरी जिंकल्यावर चेततात त्यांतले काही भाग चेततात, आणि आणखी खेळावंसं वाटतं.

बंदरावर गरवायला बसलेली माणसं बघ. दर वेळी मासा लागला असता तर कंटाळली असती, कधीच लागला नसता तर घरी गेली असती. कधीतरी लागतो आणि कधी ते कळत नाही, म्हणून उठत नाहीत. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांत हेच पाहिलं: दाण्याचा नेम नसला की ती चोच मारतच राहतात. गरवणाऱ्याला निदान एखादी तांबोशी तरी मिळते. तुझ्या रुलेटचा हिशेब कर. एक शून्य धरून ३७ घरं. सगळ्यांवर शंभर-शंभर लावलेस तर ३,७०० जातात आणि लागलेल्या एका घराचे ३,६०० परत येतात. हे शंभर रुपये बोटवाल्याचे, आणि त्यासाठी त्याला लबाडी करावी लागत नाही.

शून्य सोडून घरं निम्मी लाल, निम्मी काळी. काळं सारखं आलं की "आता लाल यायलाच हवं" असंही कुणी तुला सांगेल. १९१३ साली मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत काळा सलग २६ वेळा आला होता. लालवर लावत गेलेले धुऊन निघाले. गोळीला मागचं काही आठवत नसतं.

"जबाबदारीने खेळा" ही पाटी मला ढोंगी वाटते. माणूस उठू नये अशी सगळी मांडणी करायची आणि जबाबदारी त्याच्यावरच टाकायची! तरी गेलासच, तर ठरवलेली रोकड घेऊन जा, ती सिनेमाच्या तिकिटासारखी खर्ची धर, आणि कार्ड खोलीवर ठेव. उसने घ्यायचे नाहीत. दारू पोटात असताना लावायचे नाहीत. गेलेले परत मिळवायला तर मुळीच बसायचं नाही. माणूस बुडतो तो तिथे. मोबाइलवरचे पैशांचे खेळ २०२५ च्या कायद्याने बंद केलेत. त्यात शिक्षा चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही, पण म्हणून कुणी पाठवलेल्या चोरवाटेच्या लिंकवर जाऊ नकोस.

आमच्यापासून लपवावंसं वाटायला लागलं तर १४४१६ वर फोन कर. ती सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट, आणि मराठीत बोलतात. जागतिक आरोग्य संघटनाही जुगाराच्या व्यसनाला आजारच म्हणते, तेव्हा लाज कसली?

चतुर्थीला चार दिवस काढून ये. आरतीनंतर पत्ते होतीलच. यंदा पैसे लावायचे नाहीत असं काकाला सांगितलंय. तो तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही.

तुझा,
बाबा