कुंपणाबाहेर गेलेल्या फांद्यांविषयी

ठाणे
२ मार्च

प्रिय श्रीकांत,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि बंगल्याचे फोटो मिळाले. शेजारच्या काकूंनी "तुमच्या गुलमोहराखालून जायला भीती वाटते" म्हटल्याचा तुला राग आलाय. पण फोटो नीट पाहिले तर काकूंचंच बरोबर आहे. रस्त्याकडची ती जाड फांदी जिथून फुटली आहे, तिथल्या बेचक्यात साल आत दुमडलेली दिसते. अशा जागी फांदीचं आणि खोडाचं लाकूड एकमेकांत गुंतलेलंच नसतं, मध्ये नुसती साल असते. वळवाच्या वाऱ्यात सगळ्यात आधी याच फांद्या खाली येतात. म्हणजे तुझ्या हातात जेमतेम दीड-दोन महिने आहेत.

तू विचारलंस, फांदी कुंपणाबाहेर गेली की ती महापालिकेची होते का. नाही होत. खोड ज्याच्या जमिनीत, झाड त्याचं, मग फांदी फूटपाथवर असो की पलीकडच्या वाण्याच्या दुकानावर. उलट तुझ्या फाटकाबाहेर फूटपाथवर उभा असलेला सोनमोहर पालिकेचा. त्याचा कचरा रोज तुझ्या अंगणात पडत असला तरी त्याला हात लावू नकोस, त्याची फक्त तक्रार कर. पुणे महापालिकेच्या पीएमसी केअर या तक्रार सेवेवर केलीस की तक्रार क्रमांक मिळतो, तो जपून ठेव.

झाड पडून कोणाला इजा झाली तर मालक दर वेळी दोषी ठरतोच असं नाही. धडधाकट झाड चक्रीवादळात उन्मळलं तर गोष्ट वेगळी. पण झाड वाळलेलं, किडलेलं होतं आणि ते मालकाला माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं, तर भरपाई त्याच्या गळ्यात पडते. दिल्लीत झाडाची फांदी डोक्यावर पडून एका स्कूटरस्वाराचा जीव गेला होता. त्या प्रकरणात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने याच कसोटीवर तिथल्या महापालिकेला जबाबदार धरलं. यातला "माहीत असायला हवं होतं" हा भाग तू लक्षात घे. काकूंनी तुला तोंडी सांगितलंय आणि तू ते मला लिहूनही कळवलंयस. आता "मला कल्पना नव्हती" म्हणायची सोय उरलेली नाही.

दुसरीकडे, जबाबदारी तुझी असली तरी कोयता उचलायची मोकळीक तुला नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ मध्ये झाड तोडण्याच्या व्याख्येतच झाड जाळणं, कापणं आणि कुठल्याही प्रकारे त्याला इजा करणं येतं. म्हणून फांद्यांची छाटणीसुद्धा वृक्ष अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीनेच करायची. या दोन टोकांमध्ये बहुतेक बंगलेवाले अडकतात. काही जण रविवारी गुपचूप गडी बोलावतात आणि पकडले जातात. काही जण "परवानगीची कटकट नको" म्हणून काहीच करत नाहीत, आणि हे जास्त वाईट. अर्जावरची आवक शिक्क्याची तारीख हाच तुझा खरा बचाव. धोका ओळखला, कळवला आणि पाठपुरावा केला, हे त्या एका कागदावरून दिसतं.

अर्ज आपल्या क्षेत्रीय कार्यालयाच्या उद्यान विभागाकडे द्यायचा. सोबत मिळकतकराची पावती, मालकीचा कागद, प्रत्येक झाडाचे दोन-तीन फोटो आणि आवाराचा हाताने काढलेला नकाशा लाव. नकाशात झाडांना आकडे दे. तुमची वसाहत जुनी, बऱ्याच ठिकाणी जमीन सोसायटीच्या नावावर आणि प्लॉट भाडेपट्ट्याने असतो. तसं असेल तर सोसायटीचं ना-हरकत पत्र आधी घे, नाहीतर अर्ज महिनाभर त्याच कारणाने पडून राहील. अर्जात "झाडे छाटावीत" असं मोघम लिहू नकोस. "झाड क्र. १, गुलमोहर, पूर्वेकडील फांदी, अंदाजे २५ सेंमी जाडी, फूटपाथवर सुमारे ४ मीटर बाहेर, बेचक्यात भेग" इतकं नेमकं लिही. पाहणीला येणाऱ्या माणसाचं काम सोपं होतं आणि परवानगीतही तेच शब्द उतरतात.

पूर्ण झाड काढायचा विचार मात्र सोड. त्यासाठी झाडावर आणि वर्तमानपत्रात नोटीस लागते, हरकती मागवतात. शिवाय २०२१ च्या दुरुस्तीनंतर जितकं झाडाचं वय तितकी नवी झाडं लावायची अट आहे, आणि पन्नास वर्षं पार केलेलं झाड वारसा वृक्ष ठरतं. तुझ्या वडिलांनी बंगला बांधताना लावलेला गुलमोहर त्या उंबरठ्यावर असणार. आणि तोडण्याइतकं त्या झाडाचं काही बिघडलेलंही दिसत नाही.

बिघडलंय का ते असं बघ. बुंध्याला चहूबाजूंनी लाकडी हातोडीने ठोक, पोकळ जागी आवाज बदलतो. तळाशी शिंपल्यासारखी कडक अळंबी फुटली असेल तर आतलं लाकूड कुजायला लागलंय. खोड कलतंय त्याच्या उलट बाजूची माती उचलली गेली आहे का, तिथे ताजी भेग आहे का, तेही पाहा. ही खूण दिसली तर अर्जाची वाट न बघता त्याच दिवशी उद्यान विभागाला फोन कर. मार्चमध्ये गुलमोहराची पानं गळलेली असतात, त्यामुळे वाळकी फांदी नुसत्या नजरेने कळत नाही. नखाने साल खरवड; खाली हिरवं नसेल तर ती मेलेली.

आता मापं. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या पादचारी मार्गदर्शिकेप्रमाणे फूटपाथवर चालण्याची जागा किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच मोकळी हवी. वाहनांच्या रस्त्यावर ५.५ मीटर. मी म्हणेन फूटपाथवर अडीच मीटर धर. पावसात ओल्या पानांनी फांदी झुकते, आणि खालून माणसं छत्र्या घेऊन जातात. तुझी बोगनवेल या मापात कुठेच बसत नाही. तिचे काटे नेमके शाळकरी पोरांच्या डोळ्यांच्या उंचीला आहेत. ती तर कुंपणाची नेहमीची छाटणी, त्यासाठी कुणी अर्ज करत नाही. याच आठवड्यात मागे घे, आणि काटेरी फाटे फूटपाथवर पडू देऊ नकोस. पथदिवा झाकणारी डहाळी मात्र अर्जात घाल.

गुलमोहराची ती फांदी बुंध्यापासून उडवावी असं तुला वाटेल आणि गडीही तेच सुचवेल. माझं मत वेगळं आहे. २५ सेंमीची जखम गुलमोहराला भरून काढता येत नाही, पाऊस आत मुरतो आणि पाच-सात वर्षांत खोडच पोकळ होतं. त्याऐवजी फांदीची लांबी साधारण एक तृतीयांश कमी करायची. काप अशा उपफांदीशी घ्यायचा, जिची जाडी मुख्य फांदीच्या किमान एक तृतीयांश आहे. टोकाचं वजन गेलं की बेचक्यावरचा ताण झपाट्याने उतरतो. पाहणीत भेग खोलवर गेलेली निघाली तर मात्र फांदी पूर्ण काढण्याला पर्याय नाही.

काप तीन टप्प्यांत. पहिला खालून, शेवटच्या कापाच्या जागेपासून फूटभर पुढे, फांदीच्या पाव ते एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा वरून, त्याच्याही दोन बोटं पुढे. इथे फांदी सुटते. पहिला काप न घेता नुसतं वरून कापलं की फांदी स्वतःच्या वजनाने साल सोलत खोडापर्यंत जाते. तिसऱ्या कापात उरलेला खुंट काढायचा. फांदीच्या मुळाशी जो फुगीर कडा असतो तो शाबूत ठेवून, त्याच्या लगेच बाहेर. खोडाला सपाट घासून कापलं तर जखम भरणारा भागच जातो, आणि हातभर खुंट ठेवला तर तो कुजतो. कापावर डांबर किंवा ऑइलपेंट फासू नकोस, ओल आत कोंडते. गड्याला काहीतरी लावल्याशिवाय चैन पडत नसेल तर बोर्डो पेस्ट लावू दे: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं, प्लॅस्टिकच्या बादलीत भिजवायचं.

झाडाचा एकूण पाव भागाहून जास्त पसारा एका वर्षात काढायचा नाही. शेंडा मारू नये. त्यातून जे धुमारे फुटतात ते सालीलगत चिकटलेले असतात आणि दोन-तीन वर्षांनी तेच फूटपाथवर पडतात. आतल्या डहाळ्या साफ करून टोकाला पानांचा झुपका ठेवण्याची पद्धतही तितकीच वाईट, फांदी वाऱ्यात जास्त हेलकावते.

आणि "लाकूड मला द्या, छाटणी फुकट करतो" म्हणणारा माणूस दारात उभा करू नकोस. त्याला हवं असतं जाड, निरोगी लाकूड, म्हणजे नेमकं जे ठेवायचं तेच. परवानगीपेक्षा एक फांदी जास्त गेली तर जाब तुला विचारतील. पैसे देऊन करवतीने काम करणारा घे आणि कोणत्या फांद्या कापायच्या त्यांवर आदल्या दिवशी खडूने खुणा कर. २० सेंमी जाड आणि ३ मीटर लांब ओला तुकडा ऐंशी-नव्वद किलोच्या घरात जातो, तो वरून सोडून देण्याची गोष्ट नाही. दोरीने बांधून, वरच्या फांदीवरून वेढा देऊन उतरवायचा. फूटपाथच्या दोन्ही टोकांना दोरी बांध आणि एकेक माणूस उभा कर. जवळून तार जात असेल तर महावितरणला १९१२ वर कळवून पुरवठा बंद झाल्यावरच काम सुरू. परवानगीची प्रत जागेवर ठेव, कुणीतरी विचारायला येणारच, आणि यावंही. करवत लावण्याआधी घरटी पाहा. पावसाळ्याच्या तोंडावर ढोकरी आणि बगळे विणीला लागतात, तेव्हा काम पुढे ढकल. मार्चमध्ये त्या मानाने बरं असतं.

नारळाचं वेगळं. सोललेला नव्हे, वरच्या काथ्यासकट नारळ किलो-दीड किलोचा असतो. दर दोन-तीन महिन्यांनी माणूस चढवून तयार घड आणि वाळक्या झावळ्या उतरवून घे, हिरव्या आडव्या झावळ्या ठेव. त्याला खोडावर भोकं दिसतात का, त्यांतून तपकिरी चिकट रस येतो का, ते बघायला सांग. सोंड्या भुंगा खोड आतून खातो आणि वरून झाड हिरवं दिसत राहतं. जुलै २०१७ मध्ये चेंबूरला नारळाचं झाड कोसळून वाटेने जाणाऱ्या महिलेचा जीव गेला, ते तुला आठवत असेल.

तुमच्या गल्लीत नवीन फूटपाथ होतोय असं तू ओझरतं लिहिलंयस. मला त्याचीच सगळ्यात जास्त धास्ती आहे. ब्लॉक सरळ बसावेत म्हणून कुंपणालगत मुळं छाटली जातात आणि झाड लगेच काही दाखवत नाही. दोन-तीन पावसाळ्यांनी ते रस्त्याकडे किंवा घराकडे पूर्ण आडवं होतं. खोदाई सुरू होताच कनिष्ठ अभियंत्याला लेखी कळव, फोटो काढ, आणि बुंध्याभोवती किमान एक मीटर माती उघडी ठेवायला सांग. तुझ्या बाजूने घातलेलं काँक्रीटही त्याच वेळी फोड.

परवानगी यायच्या आत रात्री-बेरात्री फांदी तडकली तर खालची जागा दोरीने बंद कर, गाड्या हलवायला सांग आणि अग्निशमन दलाला १०१ वर फोन कर. स्वतः शिडी लावू नकोस. घराच्या विम्याची पॉलिसीही एकदा उघड. सहसा त्यात घर आणि सामान असतं, रस्त्यावरच्या माणसाच्या इजेचं कलम वेगळं घ्यावं लागतं.

जांभळाचा फोटो अंधारात काढल्यामुळे काही कळत नाही. सकाळच्या उन्हात, रस्त्याच्या पलीकडून एक आणि बुंध्याचा जवळून एक, शेजारी मोजपट्टी धरून पाठव. जांभळाच्या फांद्या ठिसूळ, त्यात मे-जूनमध्ये फळं वेचायला पोरं खालीच असतात. तेव्हा अर्ज देण्याआधी ते पाहून घेऊ, म्हणजे तिन्ही झाडं एकाच अर्जात बसतील.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश