वन्स मोअर आला तर कुठलं बटण?

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. मंडळाचं संगीत नाटक आणि नवा डिजिटल मिक्सर, दोन्ही एकदमच तुझ्या गळ्यात पडलेत. फोनवर तू म्हणालास, "प्रत्येक प्रवेशाला एक सीन स्टोअर करतो, मग प्रयोगात नुसतं बटण दाबत जायचं." तिथेच तुला अडवणार होतो, पण तू तालमीला निघाला होतास. म्हणून हे पत्र.

दुपारी बालगंधर्वला प्रयोग आणि रात्री कोथरूडला यशवंतराव चव्हाणला, असे दिवस पुण्यात येतात. कलाकार तेच, माइक तेच, पण हॉल बदलला की सगळं बदलतं. शिवाय रिकाम्या हॉलमध्ये जो आवाज ऐकून आपण खूश होतो, तो प्रेक्षक बसल्यावर तसा राहत नाही. आणि सीन म्हणजे काय, तर स्टोअर दाबलंस त्या क्षणी डेस्क, म्हणजे मिक्सर, जसं होतं तसं सगळं. फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ), म्यूट, ईक्यू (जाड-बारीक सुरांचा तोल), कॉम्प्रेसर (उसळता आवाज दाबणारा), मॉनिटरचे, म्हणजे कलाकाराजवळच्या स्पीकरचे, सेंड, बऱ्याच डेस्कवर प्रीअँपचा गेन, म्हणजे माइकची मूळ उचलसुद्धा. समज, पहिल्या प्रवेशात नायिकेच्या लेपलचा, म्हणजे कपड्यावरच्या छोट्या माइकचा, ईक्यू तू कान लावून सुधारलास. दुसऱ्या प्रवेशाचं बटण दाबताच डेस्क इमानेइतबारे तालमीतला जुना ईक्यू परत आणणार. त्यामुळे काय स्टोअर करायचं ते नंतर बघ. काय परत येऊ द्यायचं नाही, ते आधी ठरव.

यामाहाच्या सीएल-क्यूएल मिक्सरवर त्यासाठी दोन सोयी आहेत. रिकॉल सेफ लावलं की तो चॅनल किंवा त्यातला ठरावीक भाग कुठल्याच सीनने हलत नाही. फोकस मात्र त्या त्या सीनपुरता असतो, म्हणजे या सीनने एवढंच आणावं, बाकीच्याला हात लावू नये. मी गेन आणि आउटपुटचा ईक्यू डोळे मिटून सेफ करतो. ऑर्गन आणि तबल्याचे मॉनिटरही सेफ, आणि प्री-फेडर, म्हणजे फेडर हलला तरी ते हलत नाहीत. साथीदाराचा मॉनिटर पदाच्या मध्यात बदलला तर तो मध्यंतरात तुला शोधत येईल, आणि त्याचं बरोबरच असेल. बेहरिंगरचा एक्स३२ मिक्सर असेल तर सीनपेक्षा स्निपेट वापर. त्यात तू निवडलेल्याच गोष्टी जातात, नुसते म्यूट म्हटलं तर नुसते म्यूट. त्यावर १०० सीन, १०० स्निपेट आणि ५०० क्यू (ठरल्या क्षणी घ्यायचे बदल) बसतात. मंडळाच्या नाटकाला एवढे लागत नाहीत.

माझ्या मते नाटकात ऑटोमेशनने म्यूट आणि डीसीए (एका फेडरने अनेक चॅनल हलवायचे गट) सांभाळावेत, फार तर रिव्हर्ब, म्हणजे घुमारा. बाकी तुझे कान. म्यूटसाठी मात्र ते सोन्यासारखं आहे. उघडे माइक दुप्पट झाले की स्पीकरचा आवाज माइकात शिरून शिट्टी वाजण्याआधीची मोकळीक ३ डेसिबलने घटते. रंगमंचावर दोघेच बोलत असताना आठ लेपल उघडे राहिले, तर ६ डेसिबल फुकट गेले. त्यातून दोन पात्रं जवळ आली की एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये किंचित उशिरा शिरतो आणि बोलणं डब्यातून आल्यासारखं होतं. १८८० साली किर्लोस्करांनी पुण्यात संगीत नाटक उभं केलं तेव्हा यातलं काहीच नव्हतं. गळा होता आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची जिद्द होती. असो.

आता वन्स मोअर. मोठमोठ्या म्युझिकलमध्ये गाणं संपलं की पुढचा क्यू, एवढं सरळ असतं. आपल्याकडे प्रेक्षक गाडी मागे घेतात. पद संपलं, टाळ्या पडल्या, तू पुढचा सीन घेतलास, ऑर्गन खाली, रिव्हर्ब बंद, आणि बाल्कनीतून आरोळी आली, "वन्स मोअर!" नट तर सूर लावूनही मोकळा होतो. म्हणून टाळ्यांवर कधीही बटण दाबू नकोस. पुढच्या संवादाचा पहिला शब्द हाच तुझा क्यू, संहितेत पेन्सिलने तोच अधोरेखित कर. यामाहा असेल तर सीनचा फेड टाइम दोन-तीन सेकंद ठेव. पण तो फेडरला लागतो, म्यूट झटक्यात पडतो. म्हणून ऑर्गन म्यूट न करता फेडरनेच खाली आण. आणि प्रत्येक पदाचा वेगळा सीन करण्यापेक्षा 'पद' नावाचा एकच पायाभूत सीन कर. यूझर डिफाइंड की (हवं ते काम नेमून द्यायची कळ) म्हणून त्याचा डायरेक्ट रिकॉल बोटाखाली ठेव. क्यूच्या यादीत कुठेही असलास तरी एका दाबात तिथे येशील. त्याच्या फोकसमधून गायकाचा फेडर वगळ. तान कुठे चढणार हे त्यालाच आयत्या वेळी कळतं, डेस्कला काय कळणार?

नट बदलला, घसा बसला म्हणून दुसरा उभा राहिला, तर सगळे सीन उघडून दुरुस्त करत बसू नकोस. सीएल-क्यूएलवर ग्लोबल पेस्ट आहे. एका चॅनलची नवी सेटिंग निवडलेल्या सगळ्या सीनमध्ये एकदम जाते. आणि प्रयोगाआधी पेनड्राइव्हवर फाइल घे, हे तुला सांगायला नकोच.

तिथल्या डेस्कचं मॉडेल कळव. एक्स३२ असो की मायडासचा एम३२, माझी बेस फाइल दोन्हींवर उघडते. यामाहा असेल तर माझी क्यूएलची फाइल त्यांच्याच कन्व्हर्टरमधून बदलून पाठवतो. पण पॅच (कुठला माइक कुठल्या चॅनलला) आणि रिकॉल सेफ तू तिथे बसून एकेक तपासायचे. संहितेचे फोटो टाक, पदांच्या जागा लाल शाईने दाखवून. आणि किती लेपल मिळणार आहेत तेही सांग, त्यावरून डीसीएची वाटणी करू.

आईंना माझा नमस्कार सांग.

तुझा
पुण्यातला मित्र